पाहणाऱ्याचा अधिकार

झाशी म्हटले की मराठी वाचकाला १८५७ आठवते, राणी लक्ष्मीबाई आठवते, आणि आणखी मागे गेले तर नारो शंकरांच्या काळात, अठराव्या शतकात, तिथे जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आठवतात. बांगरा टेकडीवरचा किल्ला मात्र मराठ्यांच्या आधीचा. ओरछाचा बुंदेला राजा वीरसिंह देव याने तो १६१३ मध्ये बांधला. या किल्ल्याविषयी बुंदेलखंडात एक कथा सांगतात. जैतपूरचा राजा ओरछाला पाहुणा आला होता. वाड्याच्या गच्चीवरून वीरसिंहाने लांबच्या टेकडीकडे बोट दाखवून विचारले, आमचा नवा किल्ला दिसतो का? पाहुणा डोळे बारीक करून म्हणाला, ‘झाईं सी’, सावलीसारखे काहीतरी दिसते आहे खरे. बलवंतनगरची झाशी झाली ती या उत्तरावरून, असे लोक मानतात. इतिहास म्हणून या कथेवर भार टाकता येत नाही. पण तिच्यातला प्रसंग भारतीय प्रमाणशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथात येतो. अंतर आहे, उजेड अपुरा आहे, समोर काहीतरी उभे आहे. तो खांब की माणूस? डोळ्याला काही दिसले एवढे खरे, पण जे दिसले त्याला ज्ञान म्हणायचे की संशय? विशेष हे की त्याच वीरसिंहाच्या आश्रयाने, किल्ल्याच्या तीनच वर्षे आधी, १६१० मध्ये, केशवदासाने ‘विज्ञानगीता’ लिहिली होती. मोह आणि विवेक यांच्या लढाईचा हा ब्रज भाषेतला ग्रंथ. पाहणे आणि कळणे यांच्यामध्ये किती अंतर असते, हा प्रश्न त्या दरबारात नुसता कथेपुरता नव्हता.

मध्ययुगातल्या माणसाच्या नजरेविषयी आपल्याकडे दोन समजुती सर्रास चालतात. पहिली अशी की तो माणूस भाबडा होता. मूर्ती पाहिली, साधू पाहिला, चमत्कार पाहिला की त्याचा विश्वास बसे, आणि डोळ्यांची खरी परीक्षा घ्यायला आधुनिक विज्ञानच यावे लागले. दुसरी समजूत नेमकी उलटी: भारतीय परंपरेने इंद्रियांना तुच्छ मानले, जग माया ठरवले, म्हणून डोळ्यांनी मिळणाऱ्या ज्ञानाकडे इथे कोणी गंभीरपणे पाहिलेच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीच्या का आहेत हे सांगण्यासाठीच हा लेख. मध्ययुगीन विचारवंतांनी डोळ्याला ज्ञानाचा मार्ग मानले, अगदी ठामपणे मानले. पण पाहणे ही पाहणाऱ्याची कृती आहे आणि त्या कृतीचा जाब त्यालाच द्यावा लागतो, असेही त्यांनी धरले. पाहणाऱ्याची तयारी कशी, तो कुठे उभा, त्याला कोण काय सांगतो, यावर दिसण्याचे ज्ञान होणे अवलंबून आहे. या भूमिकेतून फार मोठे विचार निघाले. तिच्यातूनच एक भयंकर अन्यायही निघाला, आणि त्या अन्यायाला उत्तर देणारे त्या काळातले सर्वांत खोल तत्त्वचिंतनही निघाले. ते उत्तर मराठीत आहे.

सुरुवात नैयायिकांपासून करू. न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून जन्मलेले ज्ञान एवढ्यावर काम भागवले नाही. ते ज्ञान न फसवणारे हवे आणि निश्चित हवे, अशा अटी घातल्या. म्हणजे नुसते दिसणे पुरेसे नाही हे व्याख्येतच आले. डोळ्याच्या कामाविषयी त्यांचा सिद्धान्त आज विचित्र वाटेल. डोळा तेजाचा बनलेला आहे, त्यातून किरण बाहेर जातो, वस्तूला जाऊन भिडतो आणि मग ती दिसते. पुरावा म्हणून सूत्रकारांनी रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे चमकणारे डोळे दाखवले. बौद्ध आणि जैन तार्किकांनी यावर कडाडून हल्ला केला. डोळा वस्तूला भिडतो म्हणता, तर एवढ्याशा डोळ्याला अख्खा डोंगर कसा दिसतो? वस्तू लांब आहे हे डोळ्याला कसे समजते? काचेपलीकडचे कसे दिसते? झाडाची फांदी जवळ, चंद्र कितीतरी दूर, मग दोन्ही एकाच क्षणी कसे दिसतात? नैयायिकांनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले: किरण पुढे जाताना पसरतो, पारदर्शक पदार्थातून पार होतो, आणि त्याचा वेग इतका की मधला काळ आपल्या ध्यानात येत नाही. ही वादावादी शतकानुशतके चालली. ज्या परंपरेने डोळ्याला तुच्छ मानले असे म्हणतात, तिने डोळ्याच्या एका उघडझापीवर ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घातले आहेत.

यावर वाचक म्हणेल, किरणाचा सिद्धान्त तर खोटाच ठरला. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसमने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताब अल-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात दाखवून दिले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. मग नैयायिकांचे आता काय कौतुक? हा आक्षेप भौतिकशास्त्रापुरता पूर्ण मान्य करावा लागतो. डोळ्यातून काही बाहेर जात नाही. पण याच इब्न अल-हैसमने पुढे काय लिहिले तेही पाहायला हवे. नुसत्या संवेदनेने फक्त उजेड आणि रंग कळतात, असे तो म्हणतो. अंतर, आकार, आकारमान, ही वस्तू अमुक आहे ही ओळख, हे सारे मन आधीच्या अनुभवाशी ताडून, एका झटपट अनुमानाने ठरवते. हे अनुमान इतक्या वेगाने होते की ते केल्याचे आपल्याला जाणवतही नाही. दिशेबाबत नैयायिक हरले, पण पाहणारा स्वस्थ बसून घेत नसतो, तो काहीतरी करत असतो, या मुद्द्यावर कैरोचा गणिती आणि मिथिलेचे तार्किक एकाच बाजूला उभे आहेत. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशाने नव्यन्यायाची मांडणी केली. त्या परंपरेत लांबून दिसणाऱ्या चंदनाच्या तुकड्याचे उदाहरण येते. डोळ्याला वास कळत नाही, तरीही चंदन पाहताक्षणी ते सुगंधी दिसते, कारण पूर्वी घेतलेल्या वासाचे ज्ञान पाहण्यात येऊन मिसळते. पाहणाऱ्याचे सारे पूर्वायुष्य त्याच्या नजरेत बसलेले असते, हे याहून नेमके कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

झाशीच्या दक्षिणेला, आज ललितपूर जिल्ह्यात पण १९७४ पर्यंत झाशी जिल्ह्यातच असलेले देवगड हे बेटवा नदीकाठचे ठिकाण या विषयात फार महत्त्वाचे आहे. खाली गुप्तकाळातले दशावतार मंदिर, आणि वर किल्ल्यात जैन मंदिरांचा मोठा समूह. शतकांमागून शतके तिथे तीर्थंकरांच्या मूर्ती घडत राहिल्या. जिथे तिथे पाहण्यासाठीच घडवलेल्या मूर्ती, आणि त्या घडवणाऱ्या परंपरेचे तत्त्वज्ञान मात्र सांगते की डोळ्यांनी मिळालेले ज्ञान मुळात परोक्ष आहे. उमास्वातीच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त इंद्रियांमार्फत येणारे ज्ञान परोक्षात टाकले आहे, कोणत्याही साधनाशिवाय आत्म्याला थेट होते तेच प्रत्यक्ष. दर्शनाचेही चार प्रकार जैनांनी केले, आणि डोळ्यांनी होणारे चक्षुदर्शन हा त्यातला फक्त एक. सर्वांत वर केवलदर्शन. पुढे अकलंकाने व्यवहाराची अडचण ओळखली आणि इंद्रियज्ञानाला ‘सांव्यवहारिक प्रत्यक्ष’ असा दर्जा दिला. मला ही तडजोड वाटत नाही, हा प्रामाणिकपणा वाटतो. रोजच्या जगण्यात डोळ्यावर विसंबावेच लागते, पण ते विसंबणे म्हणजे अंतिम सत्य नव्हे, एवढी शिस्त त्या शब्दात आहे. मग मूर्ती कशासाठी? समोरच्या दगडात डोळे मिटत आलेला, स्वतःत स्थिर झालेला जीव दिसतो. पाहणाऱ्याने त्याच्याकडून काही मागायचे नसते, कारण तीर्थंकर काही देत नाही. ती मूर्ती पाहण्याची वेगळी रीत दाखवते, आणि पाहणाऱ्याला आपली नजर तिच्याशी ताडून पाहावी लागते.

त्याच देवगडच्या खडकावर १०९८ सालचा एक शिलालेख आहे. चंदेल राजा कीर्तिवर्मा याच्या वत्सराज नावाच्या मंत्र्याने तो कोरवला आणि किल्ल्याला कीर्तिगिरी हे नाव दिले. हा कीर्तिवर्मा म्हणजे ज्याच्या दरबारात कृष्णमिश्राचे ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटक झाले तोच. कलचुरी राजा कर्णावरच्या विजयानंतर सेनापती गोपालाच्या सांगण्यावरून हे नाटक रंगले, असे नाटकाच्या प्रस्तावनेतूनच कळते. मन या राजाला दोन बायका, प्रवृत्ती आणि निवृत्ती. एकीचा वंश महामोहाचा, दुसरीचा विवेकाचा. रंगमंचावर चार्वाक येतो आणि आपल्या शिष्याला शिकवतो की डोळ्यासमोर आहे तेवढेच प्रमाण, बाकी सारे धूर्तांनी रचलेले. पुढे जैन साधू येतो, बौद्ध भिक्षू येतो, कापालिक येतो, आणि नाटककार त्यांची यथेच्छ खिल्ली उडवतो. ही खिल्ली मला न्याय्य वाटत नाही. ज्या जैनांनी डोळ्याची एवढी कठोर परीक्षा घेतली त्यांना इंद्रियलोलुप दाखवणे हा पक्षपात आहे. पण या नाटकातली एक गोष्ट विचार करायला लावते. डोळ्यांना दिसते तेवढेच खरे असे म्हणणाऱ्या चार्वाकाचा पराभव करायचा, आणि तो करायचा कसा, तर मोह, विवेक, श्रद्धा, शांती यांना माणसांची रूपे देऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे उभे करून. अदृश्य विचार दाखवल्याशिवाय कळणार नाहीत, ही कबुलीच त्या रचनेत आहे. केशवदासाने पाचशे वर्षांनंतर ओरछात हाच विषय लोकभाषेत आणला तेव्हा त्याच्यासमोर हीच अडचण होती. पाहण्याला हरवायचे तर पाहण्याचीच मदत घ्यावी लागते.

मराठीपुरते बोलायचे तर आपले गद्यच पाहिलेल्याच्या साक्षीतून जन्मले. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांच्याजवळ जाऊन, त्यांना विचारून. कोणाच्या आठवणीत काय फरक आहे तोही नोंदवण्याची चाल त्या परंपरेत आहे. ‘लीळाचरित्रा’तले बारकावे, कोण कुठे बसले होते, काय जेवले, वाटेत कोण भेटले, हे सारे त्या शिस्तीचे फळ. देवदर्शनाच्या पंथात साक्षीपुराव्याची एवढी काळजी घेतली गेली, हे भाबडेपणाच्या समजुतीला पुरेसे उत्तर आहे. यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. पाहणारा एकटा पुरत नाही. एकाने पाहिलेले दुसऱ्याला विचारून, पडताळून मगच ज्ञान होते. हा धागा पुढे लागणार आहे.

ज्ञानेश्वरांकडे येताना डोळ्याचा प्रश्न आणखी अवघड होतो. १२९० मध्ये नेवाशात सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळते. साध्या डोळ्यांना अशक्य ते सारे त्याला दिसते. आणि परिणाम काय? तो भेदरतो, त्याच्या दिशा चुकतात, आणि शेवटी आधीचे सौम्य रूप परत दाखव म्हणून विनवणी करतो. जास्त दिसले म्हणजे जास्त कळले, या समजुतीला हा अध्याय थेट छेद देतो. नजरेची ताकद वाढवून भागत नाही. पाहणारा तोच राहिला तर तेवढ्या दृश्याखाली तो दबून जातो. कृष्ण त्याला भीती सोडायला सांगतो आणि त्या विश्वरूपावरची निष्ठा ढळू देऊ नकोस म्हणून समजावतो. गीतेत या अध्यायाच्या शेवटी भक्तीने जाणणे, पाहणे आणि प्रवेश करणे असा क्रम येतो. पाहणे मध्ये आहे, शेवटी नाही. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत ज्ञानेश्वर याच्याही पलीकडे जातात. पाहणारा, पाहणे आणि पाहिलेली वस्तू ही त्रिपुटी त्यांना एकाच जाणिवेचा खेळ वाटते. आरशापुढे उभे राहिले म्हणून चेहरे दोन होत नाहीत, आणि आरसा बाजूला केला म्हणून चेहरा नाहीसा होत नाही. यावर आक्षेप असा येतो की असे म्हटले की ज्ञानाचीच सोय उरत नाही. पाहणारा आणि पाहिलेले वेगळे नसतील तर चूक आणि बरोबर ठरवणार कशाने? आक्षेप जोरदार आहे. पण ज्ञानेश्वर रोजच्या पाहण्यातला बरोबर-चूक हा भेद पुसत नाहीत. खांबाला माणूस समजणे ही त्यांच्या लेखीही चूकच. ते विचारतात ते इतकेच की चूक दुरुस्त झाल्यावर जो निश्चय होतो, तो निश्चय ज्याला कळतो त्याला कोण पाहणार? डोळा सारे पाहतो, स्वतःला पाहत नाही, आणि तरी त्याच्या असण्याबद्दल कोणाला शंका येत नाही. प्रमाणशास्त्र जिथे थांबते तिथून हा प्रश्न सुरू होतो.

आता देवळातल्या दर्शनाकडे वळू, कारण बहुतेक माणसांसाठी पाहण्याचा आणि जाणण्याचा संबंध तिथे येतो. ओरछात सांगतात की मधुकर शाह राजाच्या राणीने, गणेश कुंवरीने, अयोध्येहून रामाची मूर्ती आणली, आणि चतुर्भुज मंदिर अशा जागी उभे केले की महालातून तिला देव दिसावा. मूर्ती मात्र महालातून हलेना, म्हणून महालच देऊळ झाला; आज तिथला राम राजा म्हणून पुजला जातो. कथेतला आग्रह लक्षात घ्या: देव दिसला पाहिजे. हा आग्रह ही निव्वळ भावना, याचा ज्ञानाशी संबंध नाही, असे कोणी म्हणेल. रामानुजांनी श्रीभाष्यात याचे उत्तर दिले आहे. अखंड स्मरण इतके स्पष्ट होत जाते की ते पाहण्याच्याच रूपाचे होते, असे ते म्हणतात. त्यांच्या लेखी पाहणे हे ज्ञानाच्या स्पष्टतेचे माप आहे. आणि दर्शनात देवही भक्ताला पाहतो, ही जी आपल्याकडची सर्वसाधारण धारणा, तिच्यावर युरोपात एक नितांत सुंदर चिंतन झाले. १४५३ मध्ये निकोलस ऑफ कुसा याने टेगर्नझेच्या मठातल्या साधूंना एक चित्र पाठवले आणि सोबत देवाच्या दृष्टीविषयी एक ग्रंथ. चित्रातला चेहरा असा की कुठूनही पाहा, तो आपल्याकडेच पाहतो. चित्राभोवती उभे राहा, एक जण पूर्वेकडून पश्चिमेकडे चाला आणि दुसरा उलट बाजूने, अशी त्याची सूचना होती. प्रत्येकाला वाटेल, ही नजर माझ्याच मागे येते आहे. ती समोरून येणाऱ्याच्याही मागे जाते आहे हे मात्र आपल्या डोळ्यांनी कधीच दिसणार नाही. त्याला विचारावे लागेल, आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागेल.

कुसाच्या या प्रयोगाइतका मध्ययुगातला दुसरा कोणताही विचार पंढरपूरच्या महाद्वाराशी मला जुळलेला दिसत नाही. पाहणाऱ्याची तयारी हवी, अधिकार हवा, ही भूमिका प्रमाणशास्त्रात रास्त होती. समाजात ती आली तेव्हा अधिकार कोणाला हे ठरवण्याचे काम दारावर उभ्या असलेल्यांनी स्वतःकडे घेतले. ज्या जातीत जन्म झाला त्यावरून नजर पवित्र की विटाळाची हे ठरले. मंगळवेढ्याचे चोखामेळा विठ्ठलाला पाहायला आले आणि महार म्हणून बाहेर थांबवले गेले. चंद्रभागेच्या पलीकडे त्यांनी दीपमाळ उभारली असे परंपरा सांगते. अलीकडे येता येत नाही, तर पलीकडून उजेड तरी दिसावा. १३३८ मध्ये मंगळवेढ्याची भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी, देवळाबाहेर, समाधी बांधली. आत उभा राहून दर्शन घेणाऱ्याला विठ्ठलाची नजर आपल्यावर आहे असे वाटे. ती बाहेरच्या चोखोबांवरही आहे हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळणे शक्यच नव्हते. चोखोबांना विचारायला हवे होते. त्यांचे अभंग हीच ती साक्ष. आतल्यांनी ती ऐकली नाही, म्हणून त्यांचे दर्शन ज्ञान होऊ शकले नाही. अन्याय बाहेरच्यावर झाला, अज्ञान आतल्यांच्या वाट्याला आले.

इथे एक गोड बोलणारा आक्षेप येतो, आणि त्याला मी सर्वांत जास्त भितो. चोखोबांना अंतरातच विठ्ठल दिसला, मग देवळात गेले काय अन् न गेले काय? खरे दर्शन आतले, असे म्हणून शतकानुशतके दार बंद ठेवण्याची सोय झाली. हा युक्तिवाद खोटा आहे. चोखोबांच्या अभंगांत अंतरीचा अनुभव आहे, तसा दारावरचा अपमान, धक्के, आणि जातीवरून विचारलेला जळता जाबही आहे. आतला अनुभव मिळाला म्हणून बाहेरचा जाब त्यांनी मागे घेतला नाही. दोन्ही शेवटपर्यंत सोबत राहिले. आणि सोयराबाईंनी, चोखोबांच्या पत्नीने, पाहणारा आणि पाहणे यांतला भेदच विरून जातो तो अनुभव आपल्या अभंगात मांडला आणि शेवटी स्वतःची ओळख चोखोबांच्या जातीच्या नावानेच दिली. ज्ञानेश्वर चांगदेवांना जे सांगतात, तेच ही बाई सांगते. ज्ञानेश्वरांना वाळीत टाकले गेले तरी वेदान्ताची परिभाषा घरातून मिळाली होती. सोयराबाईंना ना शाळा, ना शास्त्र, ना देवळाचा गाभारा. तरी निष्कर्ष एकच. याचा अर्थ पाहण्याचा अधिकार देणारा कोणी दारावर नसतोच. ज्या अधिकाराची प्रमाणशास्त्राला गरज होती तो पाहणाऱ्याच्या स्वतःच्या कष्टाचा, शिस्तीचा, प्रामाणिकपणाचा. तो जन्माने मिळत नाही आणि पुजाऱ्याला देता-काढता येत नाही. सोयराबाईंनी तर अपमानाचे नाव स्वतःच्या सहीत ठेवून हे सिद्ध केले.

एवढे झाले तरी दार उघडायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला. साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, आणि त्यानंतर विठ्ठलाचे देऊळ दलितांना खुले झाले. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. बाबासाहेबांचा मार्ग भक्तीचा नव्हता, आणि देऊळप्रवेशाने प्रश्न सुटत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. तरी अर्पणपत्रिकेत त्यांनी या तिघांना बोलावले, कारण कोणाची साक्ष ऐकायची राहून गेली आहे हे त्यांना ठाऊक होते.

आपल्याकडे न्याय आणि प्रमाणशास्त्र शिकवताना अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून सुरुवात होते आणि गंगेशापर्यंत जाता जाता वर्ष संपते. चोखोबा आणि सोयराबाई मराठीच्या तासाला, भक्तिकाव्याच्या धड्यात येतात, आणि तिथे त्यांची करुणा वाटून घेतली जाते. हे वाटप चुकीचे आहे. पाहणे आणि जाणणे यांविषयी त्यांनी तर्कशुद्ध, स्वतंत्र आणि स्वतःच्या आयुष्याची किंमत मोजून केलेले विधान आहे, आणि ते चार्वाक, जैन, नैयायिक व वेदान्ती यांच्या वादात तेवढ्याच हक्काने मांडले गेले पाहिजे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान विभागांना माझी विनंती आहे की प्रत्यक्षप्रमाणाच्या अभ्यासक्रमात सोयराबाईंचे अभंग लावावेत, आणि परीक्षेत त्यांवर प्रश्न विचारावा.